चार पिशव्या आणि एक वही: चिंगीच्या खाण्याचं प्रकरण

जुलैचा पहिला आठवडा, संध्याकाळची वेळ, बाहेर धो धो पाऊस. पुण्याच्या सहकारनगरमधलं एक कुटुंब चिंगीला घेऊन दवाखान्यात आलं. आजोबा, सूनबाई आणि आठवीतली नात. चिंगी ही चार वर्षांची गावठी कुत्री. पिल्लू असताना अशाच एका पावसाळ्यात ती यांच्या जिन्याखाली सापडली आणि घरचीच झाली. वर्षाची झाल्यावर तिचं नसबंदीचं ऑपरेशनही करून घेतलेलं. सूनबाईंनी कापडी पिशवीतून चार प्रकारचं खाद्य काढून माझ्या टेबलावर ओळीनं मांडलं. तीन कंपन्यांची पाकिटं आणि एक नुसतीच रबर लावलेली प्लॅस्टिकची पिशवी. "डॉक्टर, पाच महिन्यांत चार खाद्यं झाली. यातलं चांगलं कुठलं, ते एकदा सांगून टाका."

हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. चिंगीचं प्रकरण इतक्या तपशिलात लिहावंसं वाटलं, कारण तिच्या बाबतीत उत्तराचा मोठा भाग त्या चार पिशव्यांच्या बाहेर होता, आणि तो शोधून काढला आठवीतल्या मुलीनं. घरच्यांना विचारूनच लिहितेय. कुत्रीचं नाव तेवढं बदललंय.

तक्रारी तीन होत्या. फेब्रुवारीपासून अंग खाजवते, कमरेवरचे केस विरळ झालेत. शी कधी बांधून होते, कधी सैल. आणि तळजाईच्या टेकडीकडे जाणाऱ्या चढावर पूर्वी आजोबांना ओढत नेणारी चिंगी आता अर्ध्यातच बसते. आजोबांच्या मते वय झालं. चार वर्षांच्या गावठी कुत्रीचं वय झालं म्हणणं मला मान्य होण्यासारखं नव्हतं.

वजन भरलं २४.६ किलो. तिच्या हाडापेराला १८ किलो पुरे. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ८२ किलो व्हावं, तसं. घरच्यांना हे आकड्यानं पटलं नाही, हातानं पटलं. एक हात पालथा धरायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या पाठीवरून फिरवायची. तिथली हाडं जशी सहज लागतात, तशा कुत्र्याच्या बरगड्या लागायला हव्यात. नातीनं आधी स्वतःच्या हातावर बोटं फिरवली, मग चिंगीच्या कुशीवर. ती म्हणाली, "काहीच लागत नाहीये." आम्ही शरीराची स्थिती १ ते ९ अशी मोजतो. ४ किंवा ५ म्हणजे उत्तम. चिंगी ८ वर होती.

मग बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या मुळापाशी फिरवला. कंगव्यात काळे कण आले, मातीसारखे. ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवून थांबलो. मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरलं. ही पिसवांची विष्ठा. त्यात कुत्र्याचंच पचलेलं रक्त असतं, म्हणून ती पाण्यात लाल सुटते. माती असती तर तपकिरी डाग पडला असता. पाच महिने ज्या खाजेसाठी खाद्यावर खाद्य बदललं, त्या खाजेचं निदान या एका कापसाच्या बोळ्यावर होतं. हे फार आधी व्हायला हवं होतं. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. दवाखाना सुरू केला तेव्हा मीही खाजणाऱ्या कुत्र्याचं खाद्य आधी बदलायला सांगायची आणि कंगवा नंतर उचलायची. आता क्रम उलटा केलाय.

रक्ताची तपासणी केली, थायरॉइड पाहिलं, कारण थायरॉइड मंदावलं तरी वजन वाढतं आणि केस गळतात. गोचिडांच्या तापाचीही शंका घेतली. पुण्यात पावसाळ्यात ती घ्यावीच लागते. सगळं ठीक निघालं. शी तपासली, जंत नव्हते.

मी खाद्याबद्दल त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. पिसवांची गोळी दिली, घरातल्या सतरंज्या-चादरी गरम पाण्यानं धुवायला सांगितल्या, आणि नातीला म्हटलं, "एक वही कर. सात दिवस चिंगीच्या तोंडात जे जे जाईल ते लिही. कुणी दिलं, किती दिलं. कुणाला रागवायचं नाही, थांबवायचं नाही. फक्त लिहायचं."

वही

आठवड्यानं ती वही घेऊन आली. दोनशे पानी, पाठीमागे गणिताची आकडेमोड, पुढून चिंगी. फ्रीजच्या दांड्याला सुतळीनं बांधून ठेवली होती म्हणे, म्हणजे कुणाला "विसरलो" म्हणता येऊ नये. त्यातला मंगळवार असा होता:

सकाळी साडेसहा, आजोबांचा चहा: ग्लुकोज बिस्किटं ५. आठ वाजता, आई: खाद्य १३० ग्रॅम. साडेअकरा, आजी: तूप लावलेल्या पोळ्या २. दीड वाजता, आजी: दहीभात, मोठी वाटी. चार वाजता, कामाच्या मावशी: खारी १. रात्री आठ, बाबा: खाद्य १३० ग्रॅम. साडेनऊ, आजी: म्हशीचं दूध, एक कप.

बुधवारी पिठलं-भाकरी होती, तीही चिंगीच्या ताटलीत गेली. शनिवारी शेजारी सत्यनारायण होता आणि वहीत लिहिलं होतं, "प्रसादाचा शिरा, बेदाणे काढून."

मी मंगळवारचा हिशेब त्यांच्यासमोरच मांडला. ३० ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे साधारण १०० कॅलरी, वर चमचाभर तुपाचे ४५. दोन पोळ्यांचे २९०. पाच बिस्किटांचे १००. मोठ्या वाटीभर दहीभाताचे अंदाजे २४०. खारीचे ९०, कारण ती जवळजवळ मैदा आणि डालडाच. दुधाचे १६०. हे झाले ८८०.

आता खाद्य. चौथ्या पाकिटावर कॅलरी छापलेल्याच नव्हत्या. बऱ्याच पाकिटांवर नसतात, पण मागच्या बाजूच्या टक्क्यांवरून काढता येतात. प्रथिनं ३२, स्निग्ध १८, चोथा ४, ओलावा ९, आणि राख, म्हणजे खनिजं, धरा ८. ही सगळी बेरीज १०० मधून वजा केली की २९ उरतात. ते पिष्टमय पदार्थ. पाकिटावर हा आकडा सहसा लिहीत नाहीत, तो असाच काढावा लागतो. प्रथिनांना आणि पिष्टाला प्रत्येकी ३.५ नं गुणायचं, स्निग्धाला ८.५ नं. १०० ग्रॅमला ३६७ कॅलरी येतात. दिवसाच्या २६० ग्रॅमचे ९५४.

आणि चिंगीची गरज? कुत्र्याच्या विश्रांतीच्या अवस्थेतली गरज काढायचं सूत्र आहे: किलोतलं वजन ०.७५ घातांकाला चढवायचं आणि ७० नं गुणायचं. १८ किलोला ६१२ येतात. नसबंदी झालेल्या, बेतानं फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला याच्या सुमारे १.६ पट, म्हणजे ९८० च्या आसपास.

नातीनं बेरीज केली. १,८३४. मग तिनं दोन आकडे एकाखाली एक लिहिले, ९८० आणि ९५४, आणि पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे तिचं पोट खाद्यानंच भरत होतं. बाकी सगळं जास्तीचं." आजोबा गप्प झाले. सूनबाई म्हणाल्या, "आम्हाला प्रत्येकाला वाटायचं की आपण थोडंसंच देतोय."

कुणाचंच खोटं नव्हतं. पाच जणांचं थोडंसं एका पोटात जात होतं.

चार पिशव्यांचं काय

आता त्या पिशव्यांकडे वळू, कारण त्या प्रत्येकीमागे एक ऐकीव समजूत होती आणि त्या समजुती पुण्यातल्या घराघरांत भेटतात.

पहिली पिशवी सुट्या खाद्याची. दुकानदार वीस किलोची गोणी उघडून किलो-दोन किलो तोलून देतो. स्वस्त पडतं. पण त्यावर ना घटक, ना टक्के, ना तारीख. गोणी कधी उघडली हे कळायला मार्ग नाही. दाण्यांवर फवारलेली चरबी हवेनं खवट होते, आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत बुरशी धरते. काही बुरशींचं विष कुत्र्याचं यकृत निकामी करतं आणि ते वासावरून ओळखता येईलच असं नाही. चारांपैकी हे एकच मी डोळे झाकून नाही म्हटलं.

दुसरं नेहमीचं चिकन-भाताचं, मध्यम किमतीचं. त्यात काहीही वावगं नव्हतं. खाज थांबेना म्हणून बंद केलं, आणि खाज त्यामुळे नव्हतीच.

तिसरं शाकाहारी. घरात अंडंसुद्धा येत नाही. आजींच्या मनात पहिल्यापासून होतं की जमेल तर कुत्रीलाही शाकाहारीच द्यावं. ही इच्छा मी हसण्यावारी नेत नाही. मांजराला ते चालत नाही. त्याला टॉरिन हे अमिनो आम्ल आणि अ जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळावं लागतं. कुत्र्याचं शरीर याबाबतीत लवचीक आहे. नीट आखलेल्या शाकाहारी खाद्यावर निरोगी कुत्रा राहू शकतो. मात्र "नीट आखलेल्या" या शब्दांवर सगळा भार आहे. पाकिटावर "संपूर्ण आणि संतुलित आहार" असं लिहिलेलं हवं, आणि कुठल्या वयासाठी तेही हवं. या पाकिटावर बारीक अक्षरात होतं, "पूरक आहार". म्हणजे कंपनीनं स्वतःच सांगितलं होतं की एवढ्यावर कुत्रा ठेवू नका. समोरच्या बाजूला हिरवा ठिपका आणि गोंडस पिल्लाचं चित्र मोठं असल्यानं मागची ओळ कुणी वाचली नव्हती. दूध-पोळी किंवा दहीभात हा तर शाकाहारी कुत्र्याचा आहारच नव्हे. त्यात कॅल्शियम, जस्त, ड जीवनसत्त्व, काही अमिनो आम्लं, सगळंच अपुरं पडतं.

चौथं धान्यविरहित. संध्याकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांनी सांगितलं होतं की गव्हा-तांदळानं कुत्र्यांना ॲलर्जी होते, कुत्रा म्हणजे लांडगाच. दुसऱ्या पाकिटाच्या अडीचपट किंमत मोजून ते आणलं. यावर मला जरा थांबायचंय, कारण ही समजूत खिशालाही महाग पडते.

२०१३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं, की पिष्ट पचवणारं विकर ज्या जनुकामुळे तयार होतं त्याच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या वस्तीजवळ, माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर राहूनच कुत्रा कुत्रा झाला, असं मानलं जातं. आपला गावठी तर भाकरीच्या तुकड्यावर पिढ्यानपिढ्या जगलेला. ॲलर्जीचं म्हणाल तर ती असते, पण कशाची? २०१६ च्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांमध्ये गोमांसाची ३४ टक्के, दुधाच्या पदार्थांची १७, चिकनची १५ आणि गव्हाची १३ टक्के आढळली. म्हणजे चिंगीला खरंच ॲलर्जी असती, तर धान्य काढून चिकन आणि दूध चालू ठेवण्यात अर्थ नव्हता. शिवाय वाटाणे, मसूर, बटाटे भरपूर घातलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं जुलै २०१८ मध्ये जाहीर केली. त्यातून कारण ठामपणे सिद्ध झालं नाही. तरी ज्या कुत्र्याला धान्य सोसतं, त्याचं धान्य बंद करायला मला एकही कारण दिसत नाही.

आणि शी सैल का? दर पाच-सहा आठवड्यांनी एका रात्रीत खाद्य बदललं जात होतं. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या अन्नाशी जमवून घ्यायला सात ते दहा दिवस लागतात. शिवाय रोज कपभर दूध. बहुतेक प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही.

वहीतल्या दोन नोंदींवर मी लाल पेननं खूण केली. पिठल्यात कांदा होता. कांदा आणि लसूण, शिजवलेला असो की कच्चा, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. चिंगीच्या पोटात गेला तेवढ्यानं काही झालं नाही. तिच्या वजनाला धोका व्हायला पावशेराहून अधिक कांदा लागतो, पण रोज थोडा थोडा देण्याची गोष्ट ही नाही. दुसरी खूण शिऱ्यावर. बेदाणे काढले होते हे बरंच झालं, पण एखादा राहतोच. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात, आणि किती खाल्लं तर सुरक्षित याचा आकडा नाही. द्राक्षांच्या हंगामात घड टेबलावर ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

निवड

तोपर्यंत पिसवांच्या गोळीला आठवडा झाला होता आणि खाज निम्म्यावर आली होती. त्यामुळे ॲलर्जीचा विचार बाजूला ठेवला. खाज उरली असती तर किमान आठ आठवडे, कधीच न खाल्लेल्या एकाच प्रथिनावर चिंगीला ठेवून पाहावं लागलं असतं, आणि त्या काळात आजोबांचं एक बिस्किटही चाललं नसतं. ॲलर्जीसाठी रक्ताची तपासणी सुचवतात, पण अन्नाच्या ॲलर्जीला ती भरवशाची नाही.

सूनबाईंनी विचारलं, घरी चिकन-भात शिजवायची तयारी केली तर? आजोबांचा मुलगा वेगळ्या शेगडीवर करायला तयार होता. मी त्यांना अडचण सांगितली. १०० ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे २०० असतं. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी चालत नाही, जास्तीत जास्त दुपटीपर्यंत चालतं. नुसत्या चिकन-भातावर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यातल्या १९० मध्ये किमान एक तरी आवश्यक घटक अपुरा निघाला. घरचं अन्न वाईट नाही, पण ते वजनकाट्यावर, ठरलेल्या पाककृतीनं, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण घालून रोज करावं लागतं. ज्या घरात मांस शिजवण्याची सवय नाही, तिथं चार महिन्यांनी काय होईल हे मला दिसत होतं. कच्च्या मांसाचा विषयही निघाला. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं घरात असताना साल्मोनेला जिवाणूंचा धोका नको, एवढंच सांगितलं.

(चिंगीच्या जागी लॅब्राडोरचं पिल्लू असतं तर बोलणं वेगळंच झालं असतं. मोठ्या जातीच्या पिल्लांना पहिले काही महिने जास्तीचं कॅल्शियम बाहेर ठेवता येत नाही, ते हाडांत जाऊन हाडं वाकडी होतात. संतुलित खाद्य देऊन वर कॅल्शियमचं सिरप पाजणारी घरं मी फार पाहते. ते सिरप बंद करा.)

शेवटी ठरलं ते वजन आटोक्यात ठेवण्यासाठीचं, संपूर्ण आणि संतुलित असं लिहिलेलं कोरडं खाद्य. प्रथिनं २७, स्निग्ध ९, चोथा ८. वरच्याच रीतीनं हिशेब केला तर १०० ग्रॅमला ३०४ कॅलरी. साधंच खाद्य कमी का द्यायचं नाही, असं आजोबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. साधं खाद्य जेवढं द्यावं अशा बेतानं बनवलेलं असतं, त्याच्या जवळजवळ निम्म्यावर आणलं तर कॅलरींबरोबर प्रथिनं आणि खनिजंही निम्मी होतात. या खाद्यात कॅलरीच्या मानानं ती जास्त असतात.

त्यांच्याकडे त्याच दिवशी ओल्या खाद्याचं एक पाऊचही होतं, मोफत मिळालेलं. त्यावर प्रथिनं फक्त ८ टक्के. "हे तर अगदीच फालतू," नात म्हणाली. मी तिला ओलावा वाचायला सांगितला. ८० टक्के. पाणी काढून टाकलं तर २० मध्ये ८, म्हणजे ४० टक्के. पाणी वजा केल्याशिवाय दोन पाकिटांची तुलना करायची नाही. घटकांच्या यादीतही हेच. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, आणि "ताजं चिकन" पहिलं दिसतं कारण त्यात ७० टक्के पाणी असतं.

प्रमाण ठरवलं: १८ किलोच्या हिशेबानं दिवसाला ६१२ कॅलरी. त्यात १८० ग्रॅम खाद्याचे ५४७. उरलेले साठेक घरच्यांसाठी राखून ठेवले. खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवा, तो असा बसवला.

तीन किलोचं पाकीट १६-१७ दिवस पुरतं, म्हणून तेवढंच आणायचं. वीस किलोची गोणी किलोमागे स्वस्त असली तरी १८० ग्रॅमनं ती साडेतीन महिने उघडी राहिली असती, तीही पावसाळ्यात. पाकीट मूळ पिशवीसकटच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, म्हणजे तारीखही हाताशी राहते.

आजी

आजी पहिल्या दोन वेळा आल्याच नव्हत्या. तिसऱ्या वेळी आल्या. चिकनचं पाकीट स्वयंपाकघरात येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि तो प्रश्न सुटला होता. डबा बाल्कनीत, वाटी वेगळी. त्यांचं दुःख निराळं होतं. खुर्चीवर बसून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातचं तिनं आता खायचंच नाही का? दुपारी घरात मी आणि ती, दोघीच असतो."

डाएटचा कागद घेऊन घरी गेलेली कितीतरी कुटुंबं महिन्याभरात जुन्या वळणावर येतात, ती याच जागी. माझ्या मते खाद्याच्या निवडीत घरच्यांचं हे नातं टक्क्यांइतकंच धरायला हवं. आजींना मी २००२ चा एक अभ्यास सांगितला. ४८ लॅब्राडोर, एका वेतातल्या जोड्या करून. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. जवळजवळ दोन वर्षांचा फरक. आजींनी ते दोनदा विचारून घेतलं.

मग वाटणी बदलली. १८० ग्रॅमचे तीन भाग केले, साठ-साठचे. सकाळचा सूनबाईंचा, रात्रीचा मुलाचा, आणि दुपारचा आजींचा. तो आजींनी हातानं, दाणा दाणा दिला तरी चालेल. शिवाय एक चतकोर पोळी, बिनतुपाची, २५ कॅलरी. आजोबांच्या चहाला बिस्किटाऐवजी काकडीच्या चकत्या, हिवाळ्यात गाजर. मावशींना नातीनंच समजावलं आणि खारीऐवजी उकडलेल्या फरसबीची डबी दाखवली. नवं खाद्य जुन्यात मिसळत नेलं: तीन दिवस पावभाग, तीन दिवस निम्मं, तीन दिवस पाऊणभाग, मग पूर्ण. दूध पहिल्याच दिवशी बंद.

पुढं काय झालं

शी दहा-बारा दिवसांत बांधून व्हायला लागली. खाज पिसवांच्या दुसऱ्या गोळीनंतर थांबली, कमरेवर नवे केस ऑक्टोबरात दिसले. वजन मात्र सरळ रेषेत उतरलं नाही. पहिल्या पंधरा दिवसांत फक्त ३०० ग्रॅम. ऑगस्टअखेर २३.१. मग गणपती आले, घरात पाहुणे, प्रत्येकाच्या हातात काहीतरी, आणि दहा दिवसांत ४०० ग्रॅम परत चढलं. वहीतली ती पानं नातीनं प्रामाणिकपणे भरली होती: "उकडीचा मोदक, अर्धा, मामा. उकडीचा मोदक, पाव, कोण ते माहीत नाही." दिवाळीत तिनं चिंगीच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली, "मला फराळ देऊ नका". ती चालली.

डिसेंबरात २०.६. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात १८.९. आठवड्याला एक टक्क्याच्या आतच, सावकाश. तळजाईच्या चढावर आता ती थांबत नाही. आजोबा थांबतात, ती वर जाऊन वाट पाहते.

बरगड्या नातीच्या बोटांना लागल्या तसं प्रमाण वाढवलं. सूत्रानं ९८० येतात, पण वजन उतरवलेल्या कुत्र्याला त्याहून कमी लागतं, म्हणून ८०० पासून सुरुवात केली: २४० ग्रॅम खाद्याचे ७३० आणि खाऊसाठी ७०. दर पंधरा दिवसांनी वजन, आणि ते चढतं की उतरतं यावर पुढचं माप.

त्या दिवशी निघताना आजी दारात थांबल्या. आता वजन झालंय, तर चतकोराची अर्धी पोळी केली तर चालेल का, असं विचारत होत्या. २५ च्या ५० कॅलरी. दुपारच्या खाद्यातले आठ ग्रॅम कमी करायचे, मग चालेल, असं सांगितलं. नातीनं तिथंच वही उघडून तसं लिहून घेतलं.